शिक्कामोर्तबापूर्वी

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज आपण अगदी सहजपणे वापरतो. समितीने एखाद्या नावावर शिक्कामोर्तब केले, मंत्रिमंडळाने योजनेवर शिक्कामोर्तब केले, अशी वाक्ये वर्तमानपत्रांत नित्य वाचायला मिळतात. या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत, याचा मात्र आपल्याला विसर पडत चालला आहे. जुन्या मराठी पत्रावर शिक्का असे तो पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले हे सांगण्यासाठी, आणि मोर्तब असे ते मजकूर कोठे संपला हे दाखविण्यासाठी. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही लहानशी मुद्रा उमटविलेली आढळते. लेखनाची मर्यादा येथे झाली, यापुढे कोणी अक्षरही वाढवू नये, असा तिचा आशय. ज्यांच्या घरी संस्थानी काळातील मोडी कागद अद्याप जपून ठेवलेले आहेत, त्यांना ही रीत नव्याने सांगायला नको.

मोर्तब झाले की मजकूर पक्का झाला. आता त्याची अंमलबजावणी होणार, त्यावर विसंबून माणसे वागणार. त्यापूर्वी तोच मजकूर मसुदा असतो, आणि मसुद्यावरून दुसऱ्याची नजर फिरावी अशी अपेक्षा असते. ही नजर कशासाठी? ती लिहिणाऱ्यावरचा अविश्वास आहे काय? आणि त्या नजरेतून सुटलेल्या चुकीचा दोष कोणाकडे जातो, लिहिणाऱ्याकडे की पाहणाऱ्याकडे? प्रश्न जुना आहे. आज तो अत्यंत काटेकोरपणे ज्या क्षेत्रात विचारला जातो ते क्षेत्र मात्र नवे आहे. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे. आपल्या घरोघरची मुले-नातवंडे पुण्यात, बंगळुरात वा अमेरिकेत हेच काम करतात. त्यांच्या दिवसाचा एवढा भाग ज्या रीतीत जातो, तिच्याकडे आपणही एकदा नीट पाहणे उचित ठरेल.

मोठी आज्ञावली, जिला ही मंडळी नुसते ‘कोड’ म्हणतात, ती सहसा एका माणसाची कृती नसते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 साली ‘लिनक्स’ लिहायला घेतले तेव्हा ते एकट्याचे काम होते. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. एकाच ग्रंथाला इतके हात लागू लागले की कोणी, केव्हा, काय आणि का बदलले याची चोख वही ठेवावी लागते. अशी वही ठेवणारे ‘गिट’ नावाचे साधन टोरवाल्ड्स यांनीच एप्रिल 2005 मध्ये निर्माण केले. त्यातील नोंदीचे एक अक्षर जरी मागाहून बदलले, तरी त्या नोंदीची गणिताने काढलेली खूण बदलते आणि फेरफार उघडा पडतो. काम मोर्तबाचेच, पण येथे ते गणिताकडे सोपविले आहे.

परंतु वही चोख आहे म्हणून तीत लिहिलेले बरोबर ठरत नाही. म्हणून नोंद पक्की होण्यापूर्वी बदल तपासण्याच्या व्यवस्था उभ्या राहिल्या. ‘गेरिट’ ही त्यांपैकी एक. गूगल कंपनीत अँड्रॉइडच्या कामासाठी ती तयार झाली, आणि गेरिट रीटफेल्ड या डच वास्तुकाराचे नाव तिला मिळाले. या व्यवस्थेकडे आपला बदल धाडण्यासाठी ‘गिट रिव्ह्यू’ नावाचे एक छोटे साधन आहे. ‘ओपनस्टॅक’ या 2010 साली सुरू झालेल्या प्रकल्पातील मंडळींनी ते घडविले. 2003 पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकी’ नामक आज्ञावलीवर चालतो, तिच्यातील बदलही 2012 पासून गेरिटमधून तपासून घेतले जाऊ लागले. मराठी विकिपीडियावर आपल्या मूळ गावाची माहिती शोधणारा वाचक, नकळत का होईना, या तपासणीवर विसंबलेला असतो.

प्रत्यक्ष कृती फार साधी आहे. तेथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत. केवळ अक्षरे दाखविणाऱ्या खिडकीत ‘गिट रिव्ह्यू’ हे दोन शब्द टंकायचे आणि कळ दाबायची. आपण काम करीत असताना सर्वांचा सामाईक मजकूर पुढे गेला असेल, तर त्या ताज्या मजकुरावर आपला बदल नीट बसतो की नाही हे साधन आधी पाहते. मग तो बदल धाडला जातो; पण मुख्य मजकुरात तो जात नाही, एका प्रतीक्षेच्या जागी थांबतो. तेथे सहकारी तो ओळीओळीने वाचतात, समासात लिहावेत तसे शेरे लिहितात आणि गुण देतात. अधिक एक म्हणजे ‘मला ठीक वाटते, पण मान्यता दुसऱ्या कोणी द्यावी’. उणे एक म्हणजे ‘आहे या स्वरूपात घेऊ नये असे मला वाटते’. अधिक दोन म्हणजे मान्यता आणि उणे दोन म्हणजे नकार. हे दोन अधिकार मात्र, प्रकल्पाने ज्यांच्यावर भरवसा टाकला आहे अशा थोड्यांपाशीच असतात. आपल्या बदलाला आपणच मान्यता देऊ नये, हा सर्वसाधारण संकेत.

या साधनाची एक लकब मला विशेष वाटते. पाठविणाऱ्याने एकाऐवजी अनेक बदल एकदम धाडायचे ठरविले, तर ते त्या साऱ्यांची यादी समोर मांडते आणि विचारते, हे सर्व खरोखरच सादर करायचे आहे काय? त्यावर ‘येस’ हा शब्द पुरता टंकावा लागतो. दुसरे काहीही टंकले तर काम तेथेच थांबते. यंत्राला त्यातले बरेवाईट कळत नाही. ते माणसाला क्षणभर थांबविते, इतकेच. त्या क्षणाचे काय करायचे, हे त्याने माणसावर सोडले आहे.

आता पहिला प्रश्न घेऊ. वीस वर्षे काम केलेल्या कसलेल्या माणसाचाही चार ओळींचा बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, यात त्याचा अपमान नाही काय? असा आक्षेप घेणाऱ्याच्या मनात, तपासणी ही चारित्र्याची होते, असे एक गृहीत असते. वस्तुतः प्रश्न उभे राहण्याच्या जागेचा आहे. लिहिणारा ज्या जागी उभा असतो तेथून त्याला आपला हेतू इतका स्वच्छ दिसतो की समोरची अक्षरे दिसेनाशी होतात. ज्याने मुद्रितशोधन केले आहे त्याला हा अनुभव ठाऊक असेल. स्वतःच्या लेखाची मुद्रिते वाचताना डोळा छापलेले वाचत नाही, मनातले वाचतो; ‘कमल’च्या जागी ‘कलम’ पडलेले असले तरी लेखकाला तेथे कमलच फुललेले दिसते. परक्या डोळ्याला तुमचा हेतू माहीत नसतो, आणि ही माहिती नसणे हेच त्याचे सामर्थ्य.

आपल्या वाङ्मयातील याचे थोर उदाहरण ज्ञानेश्वरीचे. हातोहात प्रती उतरविल्या जाताना तीत पाठभेद शिरले, पदरच्या ओव्या शिरल्या. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 च्या सुमारास, ग्रंथ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. ज्यांनी पदरच्या ओव्या घातल्या ते दुर्जन नव्हते. बहुधा भाविकच असावेत. भक्तीने घातलेली भरही सामाईक ग्रंथ बिघडवू शकते, आणि म्हणून त्याला राखण लागते. ती राखण माणसाच्या वाईटपणावर आधारलेली नाही. एकनाथांना हे काम मूळ ग्रंथानंतर सुमारे तीनशे वर्षांनी करावे लागले. आजच्या व्यवस्थेत तीच नजर दाराशीच उभी केलेली आहे, एवढा फरक.

तथापि राखणदार दाराशी आहे म्हणून येणाऱ्याने वाटेल ते घेऊन यावे असे नाही. ‘सादर’ या शब्दात आदर आहे. आदरासह पुढे ठेवणे ते सादर करणे. हा आदर कोणाचा? प्रथमतः पाहणाऱ्याच्या वेळेचा. म्हणूनच चांगल्या प्रकल्पांतून काही शिस्त पाळली जाते. एका बदलात एकच विषय असावा. दोन कामांची गाठोडी एकत्र बांधू नयेत. बदल शक्य तितका लहान असावा. त्यासोबतच्या टिपणात काय केले यापेक्षा का केले हे लिहावे, कारण काय केले ते कोडमध्ये दिसतेच. उणे एक आला की दुरुस्ती करून तोच बदल पुन्हा सादर करावा. गेरिटमध्ये अशा सर्व आवृत्त्या एकाच ओळखक्रमांकाखाली राहतात. पहिल्या आवृत्तीत काय चुकले आणि तिसरीत ते कसे सावरले, हे कोणालाही पाहता येते. नवख्याला याची लाज वाटते. परंतु मोर्तबापूर्वीची चूक हा गुन्हा नव्हे. मसुदा असतो तो त्यासाठीच. चार वेळा दुरुस्त केलेला बदल हा चार वेळा नापास झालेला बदल नसतो.

पाहणाऱ्याच्या हाती या व्यवस्थेत सत्ता येते, आणि सत्तेबरोबर तिचे दोषही येतात. काम तोलता तोलता माणूस तोलण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. खुद्द टोरवाल्ड्स इतरांच्या कोडवर अतिशय कडवट भाषेत शेरे मारण्याबद्दल प्रसिद्ध होते. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि काही काळ कामापासून दूर राहिले. त्याच सुमारास लिनक्सच्या समुदायाने नवी आचारसंहिता स्वीकारली. परखडपणा सोडावा असा याचा अर्थ नाही. ‘ही ओळ चुकीची आहे’ हे परखड वाक्य आहे आणि ‘अशी ओळ लिहिणारा मूर्ख आहे’ हे नुसतेच उद्धट. पहिल्या वाक्यातून काम सुधारते. दुसऱ्यातून माणूस पुढच्या वेळी सादर करायला कचरतो. आणि जेथे माणसे सादर करायला कचरतात, तेथे चुका कमी होत नाहीत, त्या केवळ लपतात.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘ओपनएसएसएल’ ही आज्ञावली संकेतस्थळांशी होणारा आपला व्यवहार गुप्त राखण्याचे काम करते. मार्च 2012 मध्ये निघालेल्या तिच्या 1.0.1 या आवृत्तीत एक लहानशी नवी सोय होती: एका बाजूने काही अक्षरे आणि त्यांची संख्या पाठवायची, दुसऱ्या बाजूने तीच अक्षरे परत करायची. सांगितलेली संख्या आणि प्रत्यक्ष अक्षरे यांचा मेळ घालून पाहणे मात्र राहून गेले. परिणामी थोडी अक्षरे पाठवून पुष्कळ मागणाऱ्याला समोरच्या संगणकाच्या स्मृतीतला शेजारचा मजकूरही मिळू लागला, आणि त्यात कोणाचे परवलीचे शब्द असू शकत. ‘हार्टब्लीड’ या नावाने ओळखली गेलेली ही चूक 7 एप्रिल 2014 रोजी जाहीर होईपर्यंत दोन वर्षे तशीच राहिली. विशेष हे की तो बदल तपासल्याविना शिरला नव्हता. एकाने लिहिला, दुसऱ्याने वाचला, मग तो स्वीकारला गेला. लिहिणाऱ्याने पुढे सांगितले की ती तपासणी आपल्याकडून राहिली, आणि वाचणाऱ्याच्याही ते ध्यानात आले नाही.

मग दोष कोणाचा? निम्मा याचा आणि निम्मा त्याचा, असे उत्तर देण्याचा मोह होतो, पण या निम्म्या-निम्म्यातच धोका आहे. लिहिणारा मनात म्हणतो, पुढे कोणी पाहणारच आहे. पाहणारा म्हणतो, लिहिणाऱ्याने विचार केलाच असेल. दोघांनी एकमेकांवर टेकण दिले की मध्ये कोणीच उभे नसते. वाटून निम्मी होण्याजोगी वस्तू जबाबदारी नव्हे. दिव्याने दिवा लावला तर पहिल्याचा उजेड निम्मा होत नाही, तसे येथे असावे लागते. लिहिणाऱ्याची जबाबदारी दुसरा पाहणार आहे म्हणून तसूभर कमी होत नाही, आणि पाहणाऱ्याची जबाबदारी वेगळीच असते.

ती कोणती, हे लिनक्सच्या नियमांत फार विचारपूर्वक सांगितलेले आहे. बदलाच्या टिपणाखाली ‘मी तपासले’ अशा अर्थाची ओळ आपल्या नावाने जोडणारा मनुष्य आपण बदल वाचला आहे, आपल्या शंका लेखकाला कळविल्या आहेत आणि आपल्या मते तो स्वीकारण्यास योग्य आहे असे सांगतो. तो अचूक चालेलच अशी हमी मात्र देत नाही. प्रथमदर्शनी ही पळवाट वाटते. परंतु विचार केल्यास ध्यानात येते की माणसाने प्रामाणिकपणे देता येण्याजोगे तेवढेच आहे. चूक नाहीच, अशी ग्वाही कोणालाही देता येणार नाही. ‘मी पाहिले’ ही ग्वाही देता येते, आणि तिच्यात एकच अट आहे. ती खरी असली पाहिजे. हार्टब्लीडच्या प्रसंगी पाहणाऱ्याने लक्षपूर्वक पाहूनही चूक निसटली असेल, तर तो दुर्दैवी आहे, दोषी नव्हे. न पाहता मान्यता देणारा मात्र, चूक नसलेल्या बदलाच्या बाबतीतही, दोषी आहे. कारण त्याने खोटे सांगितले.

या कसोटीवर आपण स्वतःला लावून पाहावे. आपल्या संस्थांच्या सर्वसाधारण सभांत पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सूचक उभे राहतात, अनुमोदक बसल्या जागेवरून हात वर करतात, आणि इतिवृत्त कायम होते. त्यातील ‘वाचून’ या शब्दाची वास्तविक स्थिती काय असते, हे सुज्ञ वाचकांना मी सांगावे असे नाही. चहा यायचा असतो, व्याख्याते येऊन बसलेले असतात. संगणकाच्या क्षेत्रातही हेच चालते. ‘मला ठीक दिसते’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची चार आद्याक्षरे टंकून शेकडो ओळींचे बदल मिनिटभरात संमत होतात, असे या क्षेत्रातील माणसे हसत हसत सांगतात. विनोदाचा विषय झालेली गोष्ट सवयीची झालेली असते.

पण सगळा भार पाहणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर टाकून मोकळे होणेही न्यायाचे नाही. ‘एक्सझेड’ या, मजकूर आटोपशीर करून ठेवणाऱ्या आज्ञावलीची कथा येथे आठवावी. असंख्य संगणकांत असलेली ही आज्ञावली वर्षानुवर्षे मुख्यतः एकच गृहस्थ, विनामोबदला, सांभाळीत होते. 2021 च्या सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने कोणी मदतीला आले. उपयुक्त बदल सादर करीत राहिले. दुसरीकडे काही अनोळखी नावे मूळ सांभाळकर्त्याला, काम संथ चालले आहे, कोणाला तरी सोबत घ्या, असा तगादा लावीत राहिली. आपल्या मनःस्वास्थ्याची अडचण त्या गृहस्थांनी मोकळेपणी सांगितली होती. अखेर मदतनिसाला अधिकार मिळाले, आणि 2024 च्या आरंभी निघालेल्या दोन आवृत्त्यांत त्याने परक्यांना शिरता येईल असे चोरदार ठेवले. ते उघडणारा निर्णायक भाग सर्वांसमोरच्या गिटच्या वहीत नव्हताच. वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात तो मागाहून घातलेला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका कामाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले, त्याने माग काढला आणि 29 मार्च 2024 रोजी हे उघडकीस आले.

जुनी मोर्तबाची मुद्रा याच भयाने शोधली गेली होती. सर्वांनी पाहिल्यानंतर कोणी खाली ओळ वाढवू नये म्हणून. पण या कथेतील अधिक बोचणारी बाजू दुसरी आहे. ज्याच्या नजरेवर एवढ्यांची भिस्त होती, तो एकटा होता आणि थकलेला होता. त्याचे काम फुकट वापरणाऱ्यांत बलाढ्य कंपन्या होत्या, आणि त्याच्या सोबतीला बसून पाहायला कोणी नव्हते. जो बसला तो कपटी निघाला. फुकट मिळालेल्या वस्तूचे मूल्य कोणी तरी आपल्या लक्ष देण्याने चुकते करीत असतो. ज्या समुदायाला पाहणाऱ्याची फिकीर नाही, त्याला पाहणाऱ्याच्या चुकीबद्दल ओरडण्याचा अधिकार किती, असा प्रश्न मला पडतो.

अलीकडे या प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने माणसाने चार वाक्यांत सांगितलेल्या कामाचा कोड क्षणार्धात लिहून देतात. ही सोय मोठी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ज्याने ती ओळ लिहिली नाही, तो ती वाचल्याविनाही सादर करू शकतो. तसे झाले तर पाहणारा हाच त्या मजकुराचा पहिला मानवी वाचक ठरतो, आणि सादर करणाऱ्याने दुसऱ्याच्या वेळेचा आदर केला, असे म्हणता येत नाही. लिहिणे मिनिटांचे आणि वाचणे तासांचे झाले म्हणजे थकणाऱ्यांची संख्या वाढणारच. दुसऱ्याची नजर मागण्याचा हक्क स्वतःची नजर टाकल्यानंतरच येतो. यंत्राने लिहिले ही सबब येथे उपयोगाची नाही. खाली नाव आपले असते.

म्हणून ‘हे सर्व खरोखरच सादर करायचे आहे काय’ हा त्या छोट्या साधनाचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. तो यादीकडे न पाहता ‘येस’ टंकूनही पार करता येतो. कोणी अडविणारा नाही, आणि बहुधा कोणाला कळणारही नाही. आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरा, काम आटोपण्याच्या घाईत, ते तीन अक्षरांचे उत्तर देत असेल. त्यापूर्वी त्याने वा तिने ती यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचली असेल, तर ज्यांची नावेही त्याला कधी कळणार नाहीत अशा पुष्कळ माणसांशी तो सचोटीने वागला, असे मी म्हणेन.